पोळी मोडणारा हात अर्जात येऊ दे

ताई,

मी कळव्याला राहते, वय २६. बी.ओ.टीएच., म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची (ओटीची) पदवी, पूर्ण झाली आणि लगेच बाबांना पक्षाघाताचा झटका आला, म्हणून अकरा महिने घरीच होते. गेली अडीच वर्षं नौपाड्यातल्या एका लहानशा चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटरमध्ये ओटी म्हणून काम करते. मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या ओटीची एक वर्षाची फेलोशिप आहे. गेल्या वर्षी अर्ज केला होता, मुलाखतीलाही बोलावलं नाही. या वर्षी पुन्हा करायचा आहे. हातात तीन आठवडे आहेत.

सध्याचा पगार २६ हजार, फेलोशिपचा स्टायपेंड १८ हजार. दादा म्हणतो, कमी पैशात वर्ष घालवून पुन्हा त्याच पगारावर यायचं तर कशाला? आईला लग्नाची घाई आहे. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजीत मुलाखत म्हटली की शब्द घशात अडकतात. सेंटरच्या मॅडमना अजून सांगितलेलं नाही, त्या दुखावतील. एक मैत्रीण म्हणते, हे सगळं सोड आणि थेट अमेरिकेतली फेलोशिप बघ. गेल्या वर्षीचा निबंध आणि बायोडेटा सोबत जोडला आहे. कुठे चुकलं ते स्पष्ट सांगा.

ता. क. आज मन फार आनंदात आहे. दिव्याहून एक सहा वर्षांचा मुलगा येतो, उजवा हात-पाय कमजोर. आज शाळेत त्यानं डब्यातली पोळी स्वतः मोडून खाल्ली, आईचा फोन आला होता. पहिले तीन महिने मी पेगबोर्ड (खुंट्या बसवायची पाटी) आणि मण्यांतच घालवले. मग कळलं की तो डबा खातच नाही. आजी डाव्या हातानं जेवू देत नव्हती. तिच्याशी बोलले, आणि उजव्या हातानं पोळी दाबून धरायची, डाव्यानं तोडायची असं ठरवलं. अकरा आठवडे लागले. बटणं अजून जमत नाहीत आणि हाताला आधार देणारं स्प्लिंट तो लोकलमध्येच काढून टाकतो, पण पोळी जमली!

— एक ओटी, कळवा

प्रिय मुली,

तुझा निबंध मी एकदा वाचला आणि ता. क. चार वेळा. गेल्या वर्षी बोलावणं का आलं नाही, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

निबंधाची सुरुवात अशी आहे: ‘लहान मुलांचं निरागस हास्य मला नेहमीच प्रेरणा देतं.’ मग समर्पण येतं, संवेदनशीलता येते, सर्वांगीण विकास येतो. शेवटचा परिच्छेद हॉस्पिटलच्या थोर परंपरेवर आहे, आणि तो त्यांच्याच माहितीपत्रकातून आल्यासारखा वाटतो. दीड पानात एकही मूल नाही. तू दुसऱ्या कुठल्या पेशात असतीस तरी यातली बहुतेक वाक्यं तशीच चालली असती. आणि तिकडे पत्राच्या तळाशी, लिहिणं संपल्यावर घाईघाईनं घातलेल्या ओळींत एक मुलगा आहे, त्याची आजी आहे, एक चुकलेला रस्ता आहे, बदललेलं ध्येय आहे आणि अजून न जमलेल्या दोन गोष्टीही आहेत. अर्ज तू लिहिलेला आहेस, फक्त चुकीच्या पाकिटात घातलास.

अशा निवडींसाठी मी काही वर्षं टेबलाच्या पलीकडे बसले आहे. तिथे बसणाऱ्यांना तुला मुलं आवडतात का, हे शोधायचं नसतं. न आवडणारी या वाटेला येतच नाही. समोरचं मूल तुला दिसतं का, त्याच्या शंभर अडचणींतून पहिली कुठली धरायची हे तुला ठरवता येतं का, आणि आपलं चुकलं हे वेळेत कळतं का, हे त्यांना बघायचं असतं. चांगली केस नोट लिहिताना आपण हेच करतो. म्हणून अर्ज केस नोटसारखा लिही.

हे मी स्वतः फार अवघड रीतीनं शिकले. अर्ज करताना मी तुझ्याच वयाची होते. ‘हँडलिंग (मुलाला धरणं, वळवणं) चांगलं येतं’ असं मी बेधडक लिहिलं होतं. मुलाखतीला गेले तर त्या बाईंनी खुर्चीवर बसवलंच नाही, सरळ मॅटवर बसवलं आणि दीड वर्षाचं एक मूल समोर दिलं. ते रडायला लागलं. मी खुळखुळा वाजवत राहिले, त्याला वळवत राहिले, ते आणखी रडलं. बाईंनी शांतपणे मूल उचलून आईकडे दिलं आणि म्हणाल्या, ‘तू त्याच्याकडे बघतच नव्हतीस, माझ्याकडे बघत होतीस.’ निवड झाली नाही. ते वाक्य मात्र आजही प्रत्येक नव्या मुलाच्या पहिल्या सेशनला माझ्याबरोबर असतं.

आता दिव्याच्या मुलाकडे येऊ, कारण सगळा जीव तिथेच आहे.

पोळी मोडणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे तू निवड समितीला सांगायला हवं आणि ते तुझ्याइतकं चांगलं कुणी सांगू शकणार नाही. एका हातानं पोळी मोडायची तर बोटांनी धरायचं, दाबून ठेवायचं, मनगट वळवून ओढायचं, हे सगळं एकाच वेळी करावं लागतं. परदेशात तयार झालेल्या चाचण्यांत ठोकळे रचणं, मणी ओवणं, कात्रीनं कापणं, बटण लावणं सापडेल. पोळी मोडणं, वरणभात कालवून घास करणं, पंगतीत मांडी घालून बसणं, लेंग्याची नाडी बांधणं सापडणार नाही. आपल्याकडे बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी विकासमापनाची श्रेणी बसवली, ती आपण अजून वापरतो, पण ती अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांची. सहा वर्षांच्या मुलाला शाळेच्या मधल्या सुट्टीत काय जमायला हवं, हे ज्या ओटीला डब्यात डोकावून ठरवता येतं तिची गरज मोठ्या हॉस्पिटललाही आहे. तिथे येणारी मुलं शेवटी दिवा, मुंब्रा, कल्याणच्या घरांतच परत जातात.

आणि ती आजी! उजव्या बाजूचा हेमिप्लेजिया (एका बाजूच्या हातापायाची कमजोरी) म्हणजे मुलाचा धड हात डावा. आपल्या घरांत डाव्या हातानं जेवणं म्हणजे अशुभ, निदान असभ्य तरी. त्या पोराला वाट दोन्हीकडून बंद होती: उजव्या हातानं जमत नाही आणि डावा चालत नाही. म्हणून तो डबा बंदच ठेवत होता. तू आजीशी ‘बोलले’ एवढंच लिहिलं आहेस. काय बोललीस? कुठे बोललीस, सेंटरमध्ये की त्यांच्या घरी? ती लगेच ऐकली की आधी रागावली? उजवा हात पोळीवर ठेवलेला असला की तो जेवणात ‘लागतो’, हे तिला पटलं म्हणून तिनं डाव्याला परवानगी दिली, असं मी धरून चालले आहे. तसं असेल तर तो तोडगा फार सुंदर आहे. कमजोर हाताला मदतनिसाचं काम मिळालं, दोन्ही हात एका कामात आले आणि आजीचा मानही राहिला. हे अर्जात यायलाच हवं.

मी असं लिहीन (तू इंग्रजीत कर, आणि तपशील तुझे घाल, मॅक्सची, म्हणजे मूल हात कसे वापरतं याच्या श्रेणीची, पातळी मी अंदाजानं धरली आहे):

‘सहा वर्षांचा मुलगा, उजव्या बाजूचा हेमिप्लेजिया, मॅक्स पातळी ३. पहिले तीन महिने मी पकडीवर काम केलं. सेंटरमध्ये पकड सुधारली, घरी काहीच बदललं नाही. तो शाळेतून डबा भरलेलाच परत आणतो, हे आईकडून कळल्यावर मी ध्येय बदललं: मधल्या सुट्टीत स्वतः पोळी मोडून खाणं. घरात डाव्या हातानं जेवण्याला आजीचा विरोध होता. तिच्याशी बोलून उजव्या हाताला पोळी दाबून धरण्याचं काम दिलं. सराव रोजच्या जेवणातच ठेवला. अकरा आठवड्यांनी त्यानं शाळेत डबा खाल्ला. बटणं अजून जमत नाहीत. स्प्लिंट तो प्रवासात काढतो. वेळ चुकली, रचना चुकली की गरजच चुकली, हे मला अजून उलगडलेलं नाही. अशा मुलांचं काम अनुभवी नजरेखाली शिकावं म्हणून मी हा अर्ज करते आहे.’

शेवटची दोन वाक्यं बघ. फेलोशिप कशाला हवी, याचं उत्तर तुझ्या अडलेल्या जागेतूनच आलं. ‘ज्ञानाची क्षितिजं विस्तारायची आहेत’ असं लिहायची गरजच उरली नाही. न जमलेलं लिहिलं तर नंबर जाईल अशी भीती वाटेल. माझा अनुभव उलटा आहे. ज्या अर्जात सगळीच मुलं बरी होतात, तो अर्ज आम्ही लवकर खाली ठेवायचो.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळ. गोल अटेनमेंट स्केलिंग तुला ठाऊक असेलच: उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत पायऱ्या आधी लिहून ठेवायच्या आणि मग मूल कुठे पोचलं ते बघायचं. तू तशा पायऱ्या आधी आखल्या नसशील तर आता मागाहून आकडे बसवू नकोस. मोजलं नव्हतं तर तसं लिही, आणि आज तेच काम पुन्हा करायचं असतं तर कसं मोजलं असतं तेही लिही. मॅक्सची पातळीही त्याच्या माहितीपुस्तिकेतून नीट पडताळ. ती एका हाताची ताकद मोजत नाही, मूल दोन्ही हात मिळून रोजच्या वस्तू कशा हाताळतं ते बघते. तुझ्या गोष्टीचा गाभाही तोच आहे, म्हणून तिथे चूक झाली तर जास्त टोचेल.

बायोडेटात सात कार्यशाळांची प्रमाणपत्रं आहेत. त्यातली दोन दिवसांची, ऑनलाइन, नाव मोठं आणि हातात काही नाही अशी काढून टाक. ज्यांनी तुझं काम खरोखर बदललं अशी दोन-तीन ठेव, आणि प्रत्येकीबद्दल बोलायची तयारी ठेव. सेन्सरी इंटिग्रेशन (संवेदनांचा मेळ बसवण्याची थेरपी) लिहिलंस तर ते मांडणाऱ्या जीन एअर्सचं मूळ म्हणणं काय होतं ते माहीत हवं. झोपाळ्यावर बसवलं आणि ब्रश फिरवला म्हणजे सेन्सरी इंटिग्रेशन झालं, असं आपल्याकडे सर्रास चालतं. तुझ्या तोंडून तसं यायला नको. एनडीटी, म्हणजे मुलाला हातांनी आधार देऊन हालचाली घडवण्याची जुनी पद्धत, तिच्याबद्दलही तसंच. २०१३ साली आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सीवरच्या (मेंदूला लहानपणी झालेल्या इजेमुळे येणारा हालचालींचा दोष) उपचारांच्या पुराव्यांचा मोठा आढावा घेतला. ध्येयाला धरून केलेला सराव, सीआयएमटी (चांगला हात अडवून कमजोर हाताकडून काम करून घेणं), दोन्ही हातांचा एकत्र सराव आणि घरचा कार्यक्रम यांना त्यात भक्कम आधार मिळाला. पारंपरिक एनडीटीला मिळाला नाही. मी स्वतः एनडीटीत अनेक वर्षं दिली आहेत आणि तिनं माझ्या हातांना जी जाण दिली ती मला मोलाची वाटते, पण तो आढावा वाचल्यावर मी माझे सेशन बदलले. मुलाखतीत समोर बसलेली व्यक्ती एनडीटीची कट्टर समर्थक असू शकते. तिच्याशी वाद घालू नकोस, पण ‘तू काय वाचलंस?’ असं विचारलं तर जे वाचलंस ते नीट सांग. तुझ्या पोळीच्या कामात ध्येय होतं, दोन्ही हात होते, घरचा सराव होता. तू पुराव्याच्या बाजूनंच चालत होतीस, फक्त त्याला नाव दिलं नव्हतंस.

बाबांच्या आजारपणाचे अकरा महिने तू बायोडेटात गाळले आहेस आणि तारखा अशा लिहिल्या आहेस की ते दिसू नयेत. दिसतात. मोकळी जागा लपवलेली कळली की वाचणारा नको ते तर्क करतो. दोन वाक्यं पुरतात: वडिलांना पक्षाघात झाला, त्या काळात घरी त्यांची काळजी घेतली. आणि खरोखर केलं असशील तर तिसरं: त्यांना अंघोळ, कपडे आणि जेवण पुन्हा स्वतः करता यावं म्हणून काय केलं. थेरपिस्टनं सांगितलेला घरचा कार्यक्रम रोज पाळणं केवढं जड असतं हे ज्या ओटीनं घरातून पाहिलं आहे, ती दिव्याच्या आईला दिवसातून तीनदा वीस-वीस मिनिटांचे व्यायाम लिहून देणार नाही. त्या अनुभवाची लाज कसली?

शिफारसपत्रांसाठी तू एका नामवंत बालरोगतज्ज्ञांचं नाव सुचवलं आहेस. ते तुला रेफरल चिठ्ठीपलीकडे ओळखतात का? नसतील तर त्यांचं पत्र चार गुळगुळीत ओळींचं येईल. त्यापेक्षा इंटर्नशिपच्या सहा महिन्यांत बालविभागात ज्यांच्या हाताखाली होतीस त्या मॅडम, किंवा तुझ्याबरोबर एकत्र सेशन घेणारी स्पीच थेरपिस्ट जास्त उपयोगी. त्यांनी तुला मुलाबरोबर पाहिलं आहे. त्यांना आजच फोन कर, निदान दोन आठवडे दे, आणि सोबत एक पान पाठव: कुठली मुलं, काय केलं, फेलोशिपमध्ये काय शिकायचं आहे. मोघम पत्रं बहुतेक वेळा आळसानं येत नाहीत, समोरच्याला तपशील आठवत नाहीत म्हणून येतात.

सेंटरच्या मॅडमना मात्र या आठवड्यातच सांग, आणि अर्ज भरण्याआधी सांग. ठाण्यातलं हे जग फार लहान आहे. नौपाड्यात सकाळी घडलेली गोष्ट संध्याकाळी घोडबंदर रोडला पोचते. त्यांना बाहेरून कळलं तर दुखावतील हे नक्की. तुझ्या तोंडून कळलं तर दुखावतीलही, पण पत्रही देतील अशी माझी अटकळ आहे. सांगताना तुझ्या मुलांची यादी घेऊन जा: कुणाला कुणाकडे सोपवायचं, हस्तांतराला किती वेळ लागेल. चांगल्या मॅडमना पहिली चिंता तीच असते.

इंग्रजीबद्दल. लेख वाचण्यापुरतं इंग्रजी तुला वाढवावंच लागेल, त्यातून सुटका नाही. शोधनिबंधांवर चर्चा होते त्या जर्नल क्लबमध्ये रोज लागतं. आठवड्याला एक शोधनिबंध घे, त्याचा सारांश मोठ्यानं वाच आणि मग आरशासमोर तीन मिनिटं साध्या वाक्यांत सांग. मुलाखतीत लांब वाक्याच्या नादी लागू नकोस. कर्ता, क्रियापद, पूर्णविराम. शब्द अडला तर ‘हे मी मराठीत सांगू का?’ असं सरळ विचार. त्याच्या जोडीला तुझी दुसरी बाजूही आहे. हॉस्पिटलच्या ओपीडीत जालन्याहून, बीडहून, पालघरच्या पाड्यांवरून आया येतात. ‘पोटावर झोपवा’ आणि ‘पालथं घाला’ यात त्यांना काय पटकन कळतं, मान धरणं, कुशीवर वळणं, रांगणं हे शब्द कसे वापरायचे, हे तुझ्या जिभेवर आहे. हा गुण आहे आणि तो अर्जात एका ओळीत नोंदवण्याजोगा आहे.

मुलाखतीत तान्ह्या बाळाचा प्रश्न येईलच असं समज. तुझ्या सेंटरमध्ये अडीच-तीन वर्षांच्या पुढची मुलं येतात, हॉस्पिटलात हायरिस्क (जोखमीच्या बाळांचं) क्लिनिक आणि एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) असतं. समजा विचारलं, तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ नऊ महिन्यांचं झालंय, एकटं बसत नाही, काय कराल? आधी वय दुरुस्त कर. ते दहा आठवडे लवकर आलं, म्हणजे त्याचं करेक्टेड वय जेमतेम साडेसहा महिन्यांचं. त्या वयाला आधाराशिवाय न बसणं एवढ्यानं घाबरायचं कारण नाही. पण ते एकच हात पुढे करत असेल, दुसरी मूठ सतत मिटलेली असेल, तर थांबायचं नाही. वर्षाच्या आत मूल ‘डावखुरं’ किंवा ‘उजवं’ वाटायला लागणं ही खूण असते. तुझा दिव्याचा मुलगा सहा महिन्यांचा असताना कुणाच्या तरी हे लक्षात यायला हवं होतं. याच संदर्भात हाइन ही बाळाच्या मज्जासंस्थेची तपासणी आणि प्रेक्टल पद्धतीनं बाळाच्या आपोआप होणाऱ्या हालचाली बघणं वाचून जा. हातात घेऊन येत नसेल तर ‘वाचलं आहे, केलेलं नाही’ म्हण. एनआयसीयूबद्दलही एवढं पक्कं असू दे की चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमाराला बसू लागतो, त्याआधी बाळाला तोंडानं पाजण्याची घाई करायची नसते.

दोन-तीन गोष्टी आपल्या परिसराच्याही माहीत हव्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरला सुरू झाला, तेव्हा पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि विकासात मागे पडलेल्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवणं, हे त्याचं काम. खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंतचं विमासंरक्षण आहे. दिव्याच्या आईला हे कुणी सांगितलं आहे का? नसेल तर फेलोशिप मिळो न मिळो, हे काम या आठवड्यातलं आहे. दर आठवड्याला लोकलनं मुलाला आणणाऱ्या घराला थेरपीचा खर्च किती जड जातो हे तू बघतेस.

हॉस्पिटलच्या स्तुतीचा परिच्छेद काढून टाकलास की जागा उरेल. तिथे हवं तर आपल्या पेशाची या शहरातली मुळं आठव. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर इथल्या झालेल्या कमला निंबकरांनी १९५० साली केईएममध्ये देशातली पहिली ओटीची शाळा सुरू केली. १९५२ला जागतिक संघटना उभी राहिली तेव्हा दहा संस्थापक देशांत भारत होता. हे मी तुला सजावट म्हणून घालायला सांगत नाही. तुझा दादा शेजाऱ्यांना ‘ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर’ सांगत असेल तर त्याला तरी सांग.

दादाचा हिशेब मात्र मी उडवून लावणार नाही. महिन्याला आठ हजार कमी म्हणजे वर्षाचे ९६ हजार, वर रेल्वेचा पास आणि बाहेरचं जेवण. बाबांची औषधं चालू असलेल्या घरात ही रक्कम लहान नाही. म्हणून होकार देण्याआधी हॉस्पिटलला काही प्रश्न लेखी विचार. आठवड्याला प्रत्यक्ष सुपरव्हिजन किती तास आणि कुणाचं? एनआयसीयू, हायरिस्क, ओपीडी, स्प्लिंट विभाग यांत किती किती आठवडे? दिवसाला किती मुलं? प्रमाणपत्र विद्यापीठाचं की फक्त हॉस्पिटलचं? बाँड आहे का, मोडला तर किती भरायचे? शनिवारी बाहेर सेशन घ्यायला परवानगी आहे का? दिवसाला पंधरा मुलं आणि शिकवायला कुणी नाही असं उत्तर आलं, तर ती स्वस्तात मिळालेली नोकरी आहे, तिला फेलोशिप म्हणू नये, आणि मग दादाचं म्हणणं बरोबर ठरेल. उत्तरं चांगली आली तर घरी कागदावर आकडे मांडून बस. मी असते तर हे वर्ष पत्करलं असतं. अडीच वर्षं तू जवळपास एकटी शिकलीस, तुझ्या चुका दाखवायला बाजूला कुणी नव्हतं. पेगबोर्डचे ते तीन महिने बाजूच्या अनुभवी ओटीनं तिसऱ्या आठवड्यात थांबवले असते.

मूळ प्रमाणपत्रं कुणाकडे ठेवू नकोस, दाखवून परत घे. माझ्या ओळखीतल्या एका मुलीची कागदपत्रं एका संस्थेनं बाँडच्या नावाखाली वर्षभर अडकवली आणि तिची दुसरी चांगली संधी गेली. कौन्सिलची नोंदणी चालू आहे ना, नूतनीकरणाची तारीख बघून ठेव.

अमेरिकेचं थोडक्यात. तिथल्या बालरोग ओटी फेलोशिप साधारण वर्षभराच्या असतात आणि उत्तम असतात, पण त्या तिथे प्रॅक्टिसचा परवाना मिळालेल्यांसाठी. त्याआधी आपल्या पदवीची तुलनात्मक तपासणी, मग एनबीसीओटीची (तिथली ओटींची राष्ट्रीय) परीक्षा, मग राज्याचा परवाना, आणि व्हिसा. तिथे या पेशात शिरायला पदव्युत्तर पदवी लागते. तो रस्ता स्वतंत्र आहे आणि कित्येक वर्षांचा आहे. त्यासाठी हा अर्ज थांबवू नकोस.

आईच्या घाईबद्दल एवढंच, की फेलोशिप एक वर्षाची आहे आणि स्थळ बघणारी माणसंही कामाला जातात. आईला एकदा सेंटरवर घेऊन जा, पोळीवाल्या मुलाचं सेशन असेल तेव्हा.

आता तीन आठवड्यांतला पहिला दिवस. तो मुलगा पुढच्या सेशनला येईल तेव्हा आधी त्याच्या आईशी बोल. त्याची गोष्ट अर्जात लिहायची आहे, नाव, शाळा, फोटो, व्हिडिओ काही देणार नाही, तरी चालेल का, असं विचार आणि लिहिलेलं तिला मराठीत वाचून दाखव. आजी बरोबर असली तर तिलाही. ‘नको’ म्हणाली तर दुसरं मूल निवड. ‘हो’ म्हणाली तर त्याच रात्री लिहायला बस, आणि आजीशी काय बोलणं झालं होतं ते तिच्याच शब्दांत लिही. मला मसुदा पाठव. मी वाट बघते.

तुझी,
ताई